रेकॉर्ड रूममधला इसम

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगिता,

मामाचा आशीर्वाद घे आणि हे पत्र वाचल्यावर फोन करू नकोस, पत्रच लिही. तीस वर्षं भट्टीशेजारी मोल्डिंगच्या मशीनवर काढल्यावर माझ्या कानांनी केव्हाच राजीनामा दिलाय. फोनवरचं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं मी माझ्या सोयीनं ऐकतो, असं तुझी मामी शालूबाई म्हणते. कागदावर तसं करता येत नाही.

काल तुझ्या इमारतीचं, म्हणजे आमच्या कारखान्याच्या नव्या ऑफिसचं, उद्घाटन झालं. तू तिकडे पुण्यात तापानं पडलेली, म्हणून आम्हाला चुकल्यासारखं झालं. आमच्याच कारखान्यातल्या टाकाऊ वाळूच्या विटांनी ही भिंत उभी राहिलीय म्हटल्यावर जुने कामगार येऊन भिंतीला हात लावून बघत होते. ही वाळू टाकायला आम्ही जागा शोधत फिरायचो, आणि आता तीच आम्हाला गारवा देणार! आमच्या मालकांनी, विजयसिंह साहेबांनी, भाषणात सांगितलं, "एसी न्हाय, तरी गार! आकारामच्या भाचीनं केलंय." मला भरून आलं. पुतणीनं, मुलीनं नाव काढलेलं सगळेच सांगतात, भाचीनं नाव काढलेला शिरोलीत मी एकटाच असेन.

आपोआप लागणाऱ्या दिव्यांची जरा गंमत होते. खरेदी विभागातला गुंडू जागचा हलत नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावरचा दिवा सारखा विझतो. आता तो दर दहा मिनिटांनी दोन्ही हात वर करतो. काल उद्घाटनाला आलेले एक पावणं त्याला शरण आलेला समजले.

साहेबही चांगला मुहूर्त बघून खुर्चीवर बसले. ते सगळं सांगत बसत नाही, पत्र लांबेल.

तुझा,
आकाराम मामा

*

पुणे
५ मार्च २०२५

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. तुमच्या कानांच्या राजीनाम्याचा मान राखून मीही कागदच घेतलाय.

इमारतीचे पहिले तीन आठवडे झकास गेले. प्रत्येक खोलीच्या छताला मी एक पांढरी डबी बसवलीय ना, ती खोली किती तापली आणि आत माणूस आहे की नाही एवढं मला इथे कॉम्प्युटरवर कळवते. सगळीकडे ठीक आहे, दोनच ठिकाणी घोळ दिसतोय. उत्तरेच्या बाजूला साहेबांची केबिन आहे, तिथे उद्घाटनापासून एकही माणूस दिसत नाही. डबी बिघडली असेल, जरा पुसून बघा. आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात रेकॉर्ड रूम आहे, तिथे रोज सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा कोणीतरी असतं. तिथे कोण असणार? त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. मी तुम्हाला जमिनीवर खडूनं आखून दाखवलं होतं, आठवतं? दुपारचं सगळं ऊन त्या कोपऱ्यानं अंगावर घ्यायचं, आत फायली ठेवायच्या, म्हणजे मागची माणसं गार राहतील.

मामा, मी उगाच किरकिर करत नाही. करार तुम्हाला माहीत आहे. पहिला उन्हाळा साहेबांनी स्वतः त्या इमारतीत काढायचा. ३१ मेला त्यांना बरं वाटलं तर खिडक्या आहेत तशा राहतील. नाहीतर त्यांचे मेव्हणे राजवर्धन येऊन सगळ्या खिडक्या काचेनं बंद करणार आणि खोलीखोलीत एसी बसवणार. माझ्या स्वतःच्या नावावरची ही पहिली इमारत आहे. तिला काचा ठोकल्या तर मला पुन्हा दुसऱ्यांचे नकाशे गिरवत बसावं लागेल. मला त्याची खरंच भीती वाटते.

तुमची,
संयोगिता

*

शिरोली
११ मार्च २०२५

चि. संयोगिता,

तुझी डबी ओल्या फडक्यानं पुसली. आता तिला साहेब दिसायला लागतील.

रेकॉर्ड रूमचं म्हणशील, तर तिथे फायली लावायचं काम चाललंय. चाळीस वर्षांच्या फायली आहेत. घाईनं लावल्या तर पुढे सापडत नाहीत. जो माणूस लावतोय तो जरा सावकाश काम करणारा आहे, पण मोठा जबाबदार आहे. त्याच्याबद्दल काळजी करू नकोस आणि फार चौकशीही करू नकोस.

गच्चीवर ऊन परतवायला तू पांढऱ्या फरश्या बसवल्यास, त्यावर मामीनं आणि कँटीनच्या बायकांनी मिरच्या वाळत घातल्यात. ऊन परत जाता जाता मिरच्या वाळवून जातंय. यंदाचं तिखट तुला तिथलंच पाठवतो. तब्येतीला जप.

आकाराम मामा

*

पुणे
७ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

डबी पुसल्यापासून साहेब दिसायला लागले खरे, पण हे कसले साहेब? सकाळी अकराला दोन मिनिटं येतात, दुपारी एकला दोन मिनिटं आणि चारला दोन मिनिटं. देवळात जाऊन घंटा वाजवून यावं तसे. बाकी दिवसभर केबिन रिकामी, आणि तीही भर एप्रिलात एकोणतीस अंशांवर! पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना मी तो आकडा कौतुकानं दाखवत फिरतेय. एवढी गार खोली सोडून साहेब जातात कुठे?

तुमचा तो फायली लावणारा माणूस मात्र हटायला तयार नाही. रेकॉर्ड रूम दुपारी अडतीसवर जाते. तिथे दोन पंखे आणि एक कूलर चालू आहे. फायलींना कूलर लागतो का, मामा? आणि रोज दुपारी दोनला त्या खोलीतली हालचाल थांबते, ती बरोबर तीनला सुरू होते. म्हणजे हा गृहस्थ तिथे झोपतो. कोण आहे हा? कोणाच्या तरी वशिल्याचा दिसतोय. तुम्हाला त्याला उठवायला संकोच वाटत असेल तर मी साहेबांना कळवते.

संयोगिता

*

शिरोली
१२ एप्रिल २०२५

चि. संयोगिता,

हात जोडून सांगतो, साहेबांना काही कळवू नकोस. तो माणूस वयानं मोठा आहे, दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागतो. आपल्या घरच्यासारखा आहे. मी त्याला हळूहळू सांगतो.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. साहेबांना उकडतंय. परवा सदरा पिळून काढावा इतका घाम आलेला. राजवर्धन येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेले. बाकीचे सगळे म्हणतात गार आहे, तर साहेब म्हणतात, "तुम्हाला गार वाटणारच की. तुम्ही कामं कुठं करताय!"

फोन करू नकोस.

आकाराम मामा

*

पुणे
१७ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

एकोणतीस अंशांत कोणाचा सदरा भिजत नाही. मी दोन दिवस विचार केला आणि माझ्या लक्षात आलं. तुमचा तो घरच्यासारखा माणूस रेकॉर्ड रूमचं दार उघडं टाकत असणार, आणि तिथली गरम हवा सगळ्या मजल्यावर पसरत असणार. एका झोपाळू माणसापायी माझी इमारत जाणार असेल तर मी त्याच्या वयाचा मान ठेवू शकत नाही. मी आज साहेबांना रीतसर पत्र टाकलंय. नक्कल खाली देते. रागावू नका.

"मा. विजयसिंह साहेब,

आपल्या इमारतीच्या रेकॉर्ड रूममध्ये एक इसम रोज अनधिकृतपणे बसत असल्याचे यंत्राच्या नोंदींवरून आढळले आहे. सदर इसम काही काम करत असल्याचे दिसत नाही. दुपारी दोन ते तीन तो झोपतो. त्याच्यामुळे वीज वाया जाते व इमारतीची बदनामी होते. तरी सदर इसमास तेथून ताबडतोब काढून टाकावे व त्याच्या जागी फायली ठेवाव्यात. त्या जागेचा फायली अधिक चांगला उपयोग करतील.

आपली नम्र,
संयोगिता"

जरा कडक झालंय, पण साहेबांना कडक बोललेलं आवडतं असं तुम्हीच सांगितलं होतं.

संयोगिता

*

शिरोली
२२ एप्रिल २०२५

संयोगिता,

तो इसम म्हणजे साहेब.

आता बसून वाच. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी वहिनीसाहेबांनी निपाणीकडून चन्नाप्पांना बोलावलं. ते वास्तू बघतात, त्या घरात त्यांचा शब्द मोडत नाहीत. त्यांनी होकायंत्र धरून सगळी इमारत फिरून बघितली, तुझं कौतुक केलं, आणि म्हणाले, "सगळं छान हाय, पण मालकाची खुर्ची नैऋत्येला पायजे." नैऋत्येला तुझी रेकॉर्ड रूम. साहेबांनी मला हाक मारली. फायली उचलून उत्तरेच्या केबिनमध्ये ठेवल्या आणि खुर्ची मी माझ्या हातानं रेकॉर्ड रूममध्ये नेली. "भाचीला सांगू नगंस," साहेब म्हणाले, "आर्किटेक्ट लोकांना लई राग येतोय." त्या वेळी ती खोली कशासाठी बांधलीय हे मी सांगायला हवं होतं. पण खुर्चीपुढे नारळ फुटलेला, वहिनीसाहेब हात जोडून उभ्या, मी कुठे तोंड उघडणार? नंतर सांगायचं म्हणजे मालकाला भट्टीत बसवलं हे कबूल करणं आलं. रोज उद्यावर ढकललं. आणि तुझ्या डबीसमोर दिवसातून तीनदा हात हलवून येणारा साहेब म्हणजे मीच.

काल तुझं पत्र आलं. साहेबांनी ते त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून, गुंडूसमोर मोठ्यांदा वाचलं.

"आकाराम, ह्यो इसम कोण?"

मी म्हणालो, "चौकशी करतो, साहेब."

"चौकशी कशाला? मी हिथंच बसतोय की सकाळधरनं. मला तर कोण दिसला न्हाय." मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, हळू. दोन ते तीनवर येऊन थांबले. गुंडूला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाले, "दार लाव. तुझ्या भाचीला मी हिथं बसतोय ते म्हाईत न्हाय?"

"न्हाय साहेब. तुम्हीच सांगू नगं म्हणालता."

"काम करत न्हाय म्हणती."

"डबीला काम दिसत न्हाय साहेब, नुसती हालचाल दिसती."

"मग आता त्या गुंडूवानी हात वर करत बसू व्हय?" मला वाटलं हसतील. पण ते भडकले. "एवढी हुशार हाय तर ही खोली गार का न्हाय केली? पाच तारखेला राजवर्धन काचा घेऊन येतोय. संपला विषय!"

इथे तरी मी बोलायला हवं होतं, आणि तरीही बोललो नाही. मला माझी लाज वाटते, पोरी. तुझी इमारत माझ्यामुळे जातेय.

आकाराम

*

पुणे
२६ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नंतर माझंच पत्र पुन्हा वाचलं आणि 'सदर इसम'पाशी आले तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसून झाल्यावर तुमचा राग आला. दीड महिना मी ज्या माणसाला शिव्या घालत होते त्याच्यासाठी तुम्ही मला खोटं लिहीत होता, आणि मी सहकाऱ्यांना ज्या एकोणतीस अंशांचं कौतुक सांगत होते ते फायली भोगत होत्या.

पण सगळं तुमच्यावर टाकत नाही. साहेबांच्या घरी मी दोनदा जेवले. पांढरा रस्सा मागून मागून घेतला, वाऱ्यावर आणि उन्हावर व्याख्यान दिलं, आणि 'साहेब, तुमची खुर्ची कुठे हवी?' असं एकदाही विचारलं नाही. गार खोली कोणाला नको असते, असं मी गृहीत धरलं.

आता एकच करा. त्यांना फसवून केबिनमध्ये बसवू नका, मला तशी वाचलेली इमारत नको. ती खोली कशासाठी बांधलीय ते त्यांना सरळ सांगा. मी लिहिलं तर स्वतःची बाजू सावरतेय असं वाटेल. आई सांगते, साच्यातली वाळू ओली असली की मालक समोर उभे असले तरी तुम्ही ओतकाम थांबवायचात, कारण नाहीतर लोखंड उडून माणसं भाजतील. त्याच मामाला मी हे सांगतेय. पाच तारखेच्या आत बोला.

तुमची,
संयोगिता

*

शिरोली
६ मे २०२५

चि. संयोगिता,

पाच तारखेच्या आत जमलं नाही, पण पाच तारखेला जमलं.

दुपारी तीनला राजवर्धन काचेचे नमुने घेऊन आले. रेकॉर्ड रूममध्ये आम्ही तिघे, दोन पंखे आणि तो कूलर. राजवर्धननं भिंतीला हात लावला आणि पटकन काढून घेतला. "दाजी, ही भिंत हाय का तवा?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी शालूबाईचं नाव घेतलं आणि बोललो.

"साहेब, ही खोली तुमच्यासाठी न्हवं, उन्हासाठी बांधलीया. दुपारचं ऊन हिनं अडवायचं, म्हंजे बाकीची इमारत गार ऱ्हाती. संयोगितानं मला आधीच दावलं होतं. मी तुम्हाला सांगिटलं न्हाय. चूक माझी हाय."

साहेबांनी स्वतः भिंतीला हात लावून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे तीन महिने मी ऊन अडवत बसलोय?"

"व्हय साहेब."

"एकटा?"

"हिथं फायली असायला पायजे होत्या. त्या तुमच्या केबिनमध्ये हायत. गार."

साहेब उठले आणि उत्तरेच्या केबिनकडे चालायला लागले. आम्ही मागे. त्यांनी दार उघडलं. आत फायलींचे गठ्ठे खिडकीला टेकून आरामात बसलेले. खुर्ची नव्हती, म्हणून साहेब एका गठ्ठ्यावर बसले. जाळीतून वारा येत होता. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली आणि डोळे मिटले. राजवर्धन काचेचा तुकडा हातात धरून दारात उभे. "दाजी, मापं..." म्हणाले, तर साहेबांनी नुसता हात वर केला.

मग डोळे न उघडता मला म्हणाले, "चन्नाप्पांना फोन लाव." मी लावला. चन्नाप्पांचा आवाज इतका मोठा की मलासुद्धा अक्षर न अक्षर ऐकू आलं.

"मालकाची खुर्ची नैऋत्येला असू दे, म्हणालो की मी! तुम्ही दिवसभर त्यात बसा, असं कवा म्हणालो? आमच्या घरात आजोबांची गादी तिथंच हाय. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली."

साहेबांनी फोन ठेवला आणि आम्हा दोघांना बाहेर जायला सांगितलं. त्यानंतर दोन तास दार बंद होतं. राजवर्धन खाली तीन चहा पिऊन गेले. संध्याकाळी साहेब माझ्यासमोरून गाडीत बसले, माझ्याकडे बघितलंही नाही. आजही काही बोलले नाहीत. खिडक्यांचं काय होणार मला माहीत नाही, माझ्या नोकरीचंही माहीत नाही. पण काल रात्री मी तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवलो, असं मामी सांगते.

तुझा,
मामा

*

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
९ मे २०२५

श्रीमती संयोगिता यांस,

विषय: आपले दि. १७ एप्रिलचे पत्र.

आपल्या सूचनेनुसार सदर इसमास रेकॉर्ड रूममधून काढण्यात आले आहे. फायली त्यांच्या जागी परत गेल्या असून त्यांची काही तक्रार नाही. इसम आता उत्तरेच्या केबिनमध्ये, स्टुलावर, बसतो. दुपारच्या वेळेत बदल केलेला नाही.

इथपर्यंत गुंडूनं टाइप केलं. पुढचं मी स्वतः लिहितो.

मला स्वतःला बरं वाटतंय. करारात एवढंच लिहायचं होतं, ते लिहिलं. ३१ मेची वाट बघत नाही. खिडक्या राहतील. राजवर्धनला सांगितलंय की काचा लावल्यावर हा वारा तू घरनं आणून देणार असशील तर बोल. तो रागावून गेलाय, पण पाहुणा आहे, जेवायला येईल.

आकारामशी दोन दिवस मुद्दाम बोललो नाही. आपल्या मालकाला तीन महिने उन्हात बसवणाऱ्या माणसाला तेवढी शिक्षा पाहिजे. पण माझ्यासमोर उभं राहून चूक माझी आहे म्हणणारा माणूस माझ्याकडे दुसरा नाही, त्यामुळे त्याला सोडता येत नाही.

आमची मोठी खुर्ची फायलींच्या मधोमध नैऋत्येलाच ठेवलीय. घरात सगळे खूश आहेत. स्टूल मात्र टोचतंय, म्हणून दुसरी खुर्ची सांगितलीय.

गगनबावड्याच्या वाटेवर आमची जागा आहे, तिथे कामगारांसाठी विश्रामगृह बांधायचं मनात आहे. पुढच्या महिन्यात या. आधी घरी जेवा, मग नकाशाला हात लावा. खुर्ची कुठं ठेवायची ते चन्नाप्पा सांगतील. मी कुठं बसायचं ते तुम्ही सांगा.

विजयसिंह